व्यसन : नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल तुमच्या आतल्या पानावर बायकांच्या धूम्रपानावरचा लेख वाचला. सोबत कॅफेत बसलेल्या, बोटांत सिगारेट धरलेल्या मुलीचा मोठा फोटो. रात्री झोप लागली नाही. सकाळी पाणी यायच्या आत लिहायला बसले आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घ्यावे.

लेखकांनी सुरुवात तब्येतीपासून केली आणि दुसऱ्या परिच्छेदातच ते संस्कारांवर गेले. मुलींनी सिगारेट ओढावी असे माझे म्हणणे नाही. पस्तिशी ओलांडलेली बाई गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल आणि सिगारेटही ओढत असेल, तर रक्तात गुठळी होण्याचा, पक्षाघाताचा धोका फार वाढतो. ओढणाऱ्या बाईची पाळी एक ते चार वर्षे आधी जाते. पोटातले मूल वजनाला कमी भरते. हे नीट समजावून सांगा, मुली ऐकतात. मी तीस वर्षे शिकवले आहे. घराण्याची अब्रू काढून कुणाचे व्यसन सुटलेले मला एकदाही दिसले नाही.

माझा खरा राग निराळा आहे. अख्खा लेख दोनदा वाचला, त्यात माझी आई कुठेच नाही.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. आई विड्या वळायची. सकाळी स्वयंपाक उरकला की मांडीवर सूप घेऊन बसायची, ती दिवेलागणीपर्यंत. दिवसाला आठशे-हजार विड्या झाल्या पाहिजेत, शिवाय कारखान्यात छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, निघेल ती वेगळीच, तिचे पैसे नाहीत. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. तरी आमच्या घरात पंखा बंद असायचा आणि खिडकी लोटलेली, कारण वाऱ्याने सुपातला जर्दा उडायचा. त्याच दहा बाय बाराच्या खोलीत, दाराशी पाट टाकून वडील विडी ओढायचे. विडीचे पान जाड, ती सारखी विझते, म्हणून ती पेटती ठेवायला सिगारेटपेक्षा जास्त झुरके मारावे लागतात. प्रत्येक झुरक्यानंतर बाहेर सोडलेला आणि विडीच्या टोकातून निघालेला धूर खोलीतच राहतो. संध्याकाळी बल्बभोवती निळसर थर धरलेला असायचा. आम्ही भावंडे त्याखाली अभ्यास करायचो. आई सुपावरून मान वर न करता खोकायची, आणि ते खोकणे आमच्या इतके अंगवळणी पडले होते की घड्याळाच्या टोल्यांसारखे आम्हाला ते ऐकूच यायचे नाही. याची बोच मला अजून आहे.

वडील गेल्यावर काही वर्षांनी आईला जिना चढवेना. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेले. तरुण डॉक्टर होते, वागायला चांगले. केस पेपर भरताना त्यांनी विचारले, “आजी, विडी-सिगारेट?” आईला तो प्रश्नच लाजिरवाणा वाटला. तिने पदर तोंडावर घेऊन मान हलवली. डॉक्टरांनी लिहिले, ‘व्यसन : नाही’. मी म्हटले, “डॉक्टर, वडील चाळीस वर्षे घरात ओढत होते, आणि हिने जन्मभर तंबाखू हाताळली आहे.” ते म्हणाले, “ताई, हा रकाना पेशंटचा आहे.” पुढे दीड वर्ष दम्याची औषधे चालली. दुसऱ्या डॉक्टरांनी फुंकून घ्यायची तपासणी केली तेव्हा सीओपीडी निघाला, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा फुप्फुसाचा आजार. चुलीच्या धुराचाही त्यात वाटा असेल, मी नाकारत नाही. पण आमच्याकडे चूल जाऊन स्टोव्ह आला, स्टोव्ह जाऊन गॅस आला, विडी होती तशीच राहिली.

आई गेली त्याला तीन वर्षे झाली. त्यानंतर मी मिळेल ते वाचून काढले. जपानच्या ताकेशी हिरायामांनी १९८१ सालीच दाखवून दिले होते की नवरा ओढणारा असेल तर कधीही न ओढणाऱ्या बायकोलाही फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ९१ हजारांवर बायकांची चौदा वर्षे नोंद ठेवून त्यांनी हे मांडले. घरातल्या अशा धुराने न ओढणाऱ्याला हृदयविकाराचा धोका पाव हिश्शाने वाढतो, हेही आता सर्वमान्य आहे. आपल्याकडच्या २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू सर्वेक्षणात ओढणाऱ्या बायका शंभरात दोन निघाल्या. घरात दुसऱ्याचा धूर घेणारी प्रौढ माणसे शंभरात जवळजवळ एकोणचाळीस. तुमच्या लेखाने शंभरातल्या त्या दोघींना धारेवर धरले आणि बाकीच्यांसाठी एक ओळ लिहिली नाही. ‘आजच सिगारेट सोडा’ असा शेवटी सल्ला आहे. माझ्या आईने काय सोडायचे होते?

कायदाही अशा बाईपर्यंत पोचत नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे, दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. घराच्या उंबऱ्याच्या आत त्याचे काही चालत नाही. तिथे बोलायचे ते डॉक्टरांनी, आशाताईंनी आणि तुमच्यासारख्या वर्तमानपत्रांनी.

वर्तमानपत्राचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. त्याच अंकात शेवटच्या पानावर वेलचीची रंगीत जाहिरात आहे. त्याच नावाने टपरीवर तंबाखूची पुडी मिळते हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मुलींना संस्कार शिकवणाऱ्या अंकात ती जाहिरात घेताना तुमच्या कचेरीत कुणालाच काही वाटले नाही, याचे मला दुःख झाले. वीस वर्षे हाच पेपर घेते म्हणून बोलले.

आणि मिश्रीचे काय? आमच्या वाड्यात दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायचे. ठसक्याने लहान पोरे रस्त्यावर पळायची. पोटुशी बाईसुद्धा सकाळी दाताला मिश्री लावल्याशिवाय चहा घ्यायची नाही. त्याच सर्वेक्षणात न ओढता तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्या बायका शंभरात जवळजवळ तेरा आहेत. त्यांचा फोटो कॅफेत मिळणार नाही, आमच्या बोळात या.

माझी मागणी छोटी आहे. केस पेपरवर ‘व्यसन’ या रकान्याखाली ‘घरात कोण ओढते?’ एवढी एक ओळ वाढवावी, आणि बाई न ओढणारी असली तरी ती विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. शहरातल्या डॉक्टरांपर्यंत हे तुम्ही पोचवू शकता. आईचा तो केस पेपर मी जपून ठेवला आहे, पाहायचा असल्यास घेऊन येईन.

मागच्या वर्षी माझे पत्र तुम्ही अर्धे छापले होते. या वेळी जागा कमी पडली तर मिश्रीचा भाग काढा. केस पेपरचा काढू नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर