पाचव्या महिन्याची सोनोग्राफी पाचव्याच महिन्यात व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी सगळी नोकरी सोलापुरात परिचारिका म्हणून, बहुतेक नवजात कक्षातच झाली. पाठीवर गाठ घेऊन जन्मलेल्या बाळांविषयी हे पत्र आहे.

या व्यंगाला डॉक्टर स्पायना बायफिडा म्हणतात. गर्भाचा कणा एका जागी उघडा राहतो आणि मज्जारज्जू तिथून बाहेर येतो. अशा बाळाला पालथंच ठेवावं लागतं. गाठीवर सलाईनमध्ये भिजवलेलं निर्जंतुक गॉज ठेवायचं, ते सुकू द्यायचं नाही, शी-शू तिथवर पोहोचू द्यायची नाही. टेपने डोक्याचा घेर मोजत राहायचं, कारण यातल्या बऱ्याच बाळांच्या डोक्यात पाणी साठतं. गाठीची शस्त्रक्रिया साधारण ४८ ते ७२ तासांत व्हायला हवी. दाराशी उभी असलेली आई विचारते, "सिस्टर, बाळाला मांडीवर कधी घेता येईल?" आणि तिच्या मागे सासरचं कुणीतरी, हिने ग्रहणात विळी हातात धरली, असं पुटपुटत असतं. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. त्या बाईला हे ऐकावं लागतं याचा मला आजही संताप येतो.

अशा बऱ्याच बाळांत हे व्यंग पोटात असतानाच दिसू शकलं असतं. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत कण्याची गाठ दिसते, आणि त्याहून ठळक खूण डोक्यात सापडते: कवटीचा आकार लिंबासारखा आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला. या खुणा १९८६ पासून माहीत आहेत. पण आपल्याकडे बाई तपासणीला येते सातव्या महिन्यात. कुणी ऊसतोडीला गेलेली असते, कुणाची विड्यांची मजुरी बुडते, तर कुणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली असते आणि फाइल सासरी राहिलेली असते.

उशिरा कळलं की पुढच्या वाटा आक्रसतात. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताला परवानगी मिळू शकते, पण त्यासाठी वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं. गर्भातच गाठ बंद करण्याची शस्त्रक्रिया २६ आठवड्यांच्या आत करतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत, जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्या ८२ टक्के बाळांना वर्षभरात डोक्यातल्या पाण्यासाठी शंट, म्हणजे ते पाणी पोटाकडे वळवणारी बारीक नळी, बसवावा लागला. गर्भात शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ४० टक्के होतं. त्यात वेळेआधी बाळंतपणाचा धोका वाढतो, आणि हा उपचार सर्वांच्या आवाक्यातला नाही. पण ज्यांना बाळ हवंच आहे, त्यांना न्यूरोसर्जन असेल अशा ठिकाणी बाळंतपण ठरवता येतं. नाहीतर ओल्या बाळंतिणीला मागे ठेवून बाळ ॲम्ब्युलन्समधून हलवावं लागतं.

निर्णय आईबापांचाच, आणि तो पूर्ण माहितीवर व्हावा. गाठ जितकी वर, तितकी पायांची ताकद सहसा कमी. लघवी आपोआप नीट होत नाही, म्हणून दर काही तासांनी नळीने काढायला आईला शिकावं लागतं. तिथे हयगय झाली तर मूत्रपिंडं जातात. पण यातली कितीतरी मुलं बुद्धीने चांगली असतात. शाळेने नळीसाठी एक स्वच्छ खोली दिली तर ती शिकतात.

आणि फॉलिक ॲसिड. हे जीवनसत्त्व वेळेत मिळालं तर हे व्यंग बऱ्याचदा टळतं. गर्भधारणेनंतर २८ दिवसांत कण्याची नळी मिटते. तोवर पाळी चुकल्याचं जेमतेम ध्यानात आलेलं असतं. चौथ्या महिन्यापासून मिळणारी लोह-फॉलिकची लाल गोळी आईच्या रक्तासाठी हवीच, पण कण्यासाठी तिला उशीर झालेला असतो. ४०० मायक्रोग्रॅमची फॉलिकची गोळी दिवस राहण्याआधीपासून रोज घ्यायला हवी. आधीचं बाळ असं झालं असेल तर डोस सुमारे दहापट लागतो, तो डॉक्टरांकडूनच घ्यावा. या जीवनसत्त्वाचा माग ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टरांना मुंबईच्या गिरणी कामगार गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर काम करताना लागला, १९३१ मध्ये. गिरण्यांच्या सोलापुरात तरी ही गोळी नव्या नवरीपर्यंत पोहोचायला हवी.

आशाताई पात्र जोडप्यांची, म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या जोडप्यांची, नोंद ठेवतातच. नव्या नवरीचं नाव त्या वहीत चढलं की त्याच दिवशी फॉलिकच्या गोळ्या तिच्या हाती द्याव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तिथे १८ ते २० आठवड्यांच्या बायकांची सोनोग्राफी आधी करावी. ज्या ऊसतोडीला निघणार आहेत, त्यांच्या हातात तारीख आणि कारखान्याजवळच्या केंद्राचं नाव लिहिलेला कागद द्यावा. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाने याच गाळप हंगामापासून हे सुरू करावं, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती करते.

— एक निवृत्त परिचारिका, सोलापूर