आग्रह मोडायचा तो वाढपी वाकण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खान्देशात घरोघरी खापर चुलीवर चढतं, आणि मांडे-आमरसाच्या पंगतीत आग्रहाला ऊत येतो. मधुमेहाची माणसंसुद्धा भिडेपोटी खात राहतात. आग्रह बंद करा म्हणणं व्यर्थ आहे. इथला पाहुणचार त्यावरच उभा आहे. नाकारायची रीत मात्र जमायला हवी.

पहिलं 'नको' आपल्याकडे कुणी धरतच नाही, ते संकोचाचं समजतात. म्हणून नेमकं मागावं : "मामी, मांडा चतकोरच वाढा, रस्सी मात्र वाटीभर." रस्सी म्हणजे पुरणाच्या डाळीच्या पाण्याची पातळ, तिखट आमटी. मामींना वाढल्याचं समाधान मिळतं, आणि रस्सी मांड्यापेक्षा कितीतरी हलकी. हे पहिल्या वाढणीलाच सांगायचं. मांडा एकदा पानात पडला की हात आडवा धरून उपयोग नाही. पितरांच्या सणाला पानात टाकणं कुणालाच रुचत नाही.

रसाची वाटी रिकामी दिसली की भरलीच. तळाशी दोन घोट राखावेत आणि पंगत उठताना संपवावेत. भरभर जेवणारा इथंच सापडतो. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण 20 मिनिटं लागतात, तेवढ्यात वाढप्याच्या तीन फेऱ्या होतात. 100 ग्रॅम आंब्याच्या गरात सुमारे 14 ग्रॅम साखर असते. म्हणजे 150 ग्रॅमच्या वाटीत 20 ग्रॅमच्या वर, वरून घातलेली निराळी. आणि आखाजीला एकाच घरी जेवून कोण थांबतं?

वरण-बट्टीच्या पंगतीची अडचण वेगळी. बट्टी कुस्करली की वरण आणि तूप पिऊन फुगते, पान भरून जातं, आणि मग ते संपवावंच लागतं. अर्धीच कुस्करावी, उरलेली कोरडी बाजूला ठेवावी. पानात बट्टी दिसतेय तोवर दुसरी सहसा पडत नाही. तूप मात्र न विचारता पडतं, तिथं तळहात वेळेत आडवा हवा.

सबबी सांगू नयेत. 'पोट बिघडलंय' म्हटलं की ओव्याची फक्की समोर येते, 'डॉक्टरांनी मनाई केलीय' म्हटलं की "एका दिवसानं काय होतं भो?" त्यापेक्षा "चार सांजोऱ्या बांधून द्या, घरी खातो" म्हणावं. सांजोऱ्या टिकतात; पुरणाचे मांडे वैशाखातल्या उन्हात लवकर आंबतात, ते बांधून घेऊ नयेत. जावयाला यातलं काही फारसं लागू पडत नाही. त्याच्या वतीनं लेकीनंच आधी स्वयंपाकघरात सांगून ठेवलेलं बरं.

एक गोष्ट धोक्याची. पंगतीत जागा राहावी म्हणून सकाळचं खाणं टाळण्याची सवय अनेकांना आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी हे करू नये. 11 ची पंगत 2 ला बसते, तोवर साखर उतरून घाम सुटतो, हातपाय थरथरतात. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. आणि गोड जास्त झालं म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी वाढवू नये.

– एक आहारतज्ज्ञ, जळगाव