माझ्या रिपोर्टमध्ये मी बाई आहे हे कुठेच नाही: केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
स. न. वि. वि.

आईला अल्झायमर झालाय हे आम्हाला कळायला तीन वर्षं लागली. ती बोलण्यात पटाईत. शब्द अडला की ‘ते आपलं हे’ म्हणून पुढे सरकायची, आणि समोरच्याला पत्ता लागत नसे. डॉक्टरांनी सांगितलेले शब्दही तिने पहिल्या खेपेला धडाधड म्हणून दाखवले. शब्दांची स्मरणशक्ती बायकांची सरासरीने सरस असते, त्यामुळे सुरुवातीला आजार चाचणीतून निसटतो, हे मी फार नंतर वाचलं. ज्यांना शाळाच मिळाली नाही त्या बायकांचं याच्या उलट होतं, म्हणा. त्या चाचणीत आजाराशिवायही मागे पडतात.

मागच्या वर्षी मी स्वतःची जनुकीय तपासणी करून घेतली. एका खासगी लॅबने पीडीएफ पाठवली: एपीओई, ई३/ई४. म्हणजे एपीओई या जनुकाची आई-वडिलांकडून एकेक प्रत मिळते, त्यातली माझी एक नेहमीची ई३ आणि दुसरी अल्झायमरचा धोका वाढवणारी ई४. खाली एकच ओळ, ‘जोखीम वाढलेली’. किती वाढलेली, कोणत्या वयात, काही नाही. मी बाई आहे याचा तर उल्लेखच नाही. समजावून सांगायलाही कोणी नव्हतं.

एपीओई-ई४चा या आजाराशी संबंध १९९३ मध्येच कळला. बाई-पुरुष फरकावर मात्र बरीच वर्षं वाद चालला. २०१७ मध्ये सुमारे ५८ हजार लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा ५५ ते ८५ या पूर्ण पट्ट्यात ई३/ई४ असलेल्या बायका आणि पुरुष जवळपास सारखेच निघाले. पण ६५ ते ७५ या दहा वर्षांत चित्र वेगळं होतं. ई३/ई३ असलेल्यांशी तुलना केली तर आजाराची शक्यता दाखवणारं गुणोत्तर पुरुषांत ३.१४ आणि बायकांत ४.३७. सरसकट सरासरीत हा फरक दिसतच नाही. आणि यातले बहुतेक लोक गोरे, युरोपीय वंशाचे. त्यावरून सांगलीतल्या माझ्यासारखीने काय समजायचं?

बायका जास्त जगतात म्हणून त्यांना हा आजार जास्त, असं उत्तर नेहमी मिळतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. तीस वर्षं मी फळ्यावर बायकांची एक्सएक्स आणि पुरुषांची एक्सवाय ही गुणसूत्रं काढून शिकवलं. बायकांच्या पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो, हेही शिकवलं. काही जनुकं त्या बंद एक्सवरही जागी राहतात, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. यूएसपी११ हे त्यातलंच. ते जास्त असलं की मेंदूत टाऊ हे अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन साठतं, असं २०२२ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. उलट केडीएम६ए हे एक्सवरचंच जनुक मेंदूची राखण करताना दिसतं. म्हणजे एकाच गुणसूत्रावर चोर आणि चौकीदार! तरी जनुकीय अभ्यासांत वर्षानुवर्षं एक्स बाजूला ठेवला गेला, कारण त्याचं गणित किचकट.

साहेब, आपल्याकडे माहिती नाही अशातला भाग नाही. ‘लासी’ ही ज्येष्ठांची पाहणी आपल्याच मंत्रालयाच्या, मुंबईतल्या देवनारच्या संस्थेने केली. तिच्याच जोडीने एम्सच्या साथीने झालेल्या ‘लासी-डॅड’मध्ये साठीपुढच्या ४,०९६ जणांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या झाल्या. त्यावरून देशात सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) असल्याचा अंदाज निघाला, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. शिक्षणाची दरी हे त्याचं एक मोठं कारण. त्याच प्रकल्पातल्या सुमारे २,७०० जणांचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहितीही वाचून झालीय.

माझं मागणं या माहितीपुरतंच आहे. ई४चा धोका आपल्या लोकांत किती, याचा बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा आणि दर पाच वर्षांच्या वयोगटाचा तक्ता आपल्या मंत्रालयाने जाहीर करावा. नमुना लहान पडत असेल तर तसं छापावं आणि पुढच्या फेरीत वाढवावा. एक्स गुणसूत्र वगळू नये. आणि समुपदेशनाशिवाय असा रिपोर्ट ईमेलवर पाठवायला लॅबना मनाई करावी.

मी एकसष्ट वर्षांची आहे. ती दहा वर्षं सुरू व्हायला मला चारच उरलीत.

कळावे,
सांगलीची एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका