अप्पांना कवडीला नेलं

पुणे, नोव्हेंबर

प्रिय विन्या,

दिवाळीला पत्र राहिलं, रागावू नकोस. शुगर ताब्यात आहे, गुडघा कुरकुरतो. पुरे.

परवा अप्पांना नदीकाठी कवडीपाटला पक्षी बघायला नेलं. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? त्यांच्या डोळ्यांचा पडदा आणखी गेलाय. समोर बघितलं की मधोमध काळा डाग, कडेचं तेवढं दिसतं. तरी दुर्बीण गळ्यात. नदीवर तोच फेस, तोच वास. पुलावर उभं राहून त्यांनी मान कलती केली आणि म्हणाले, "चक्रवाक आले. पलीकडच्या काठाला." मला एकही दिसेना. मग 'आंग, आंग' ऐकू आलं आणि उन्हात त्या नारिंगी पाठी दिसल्या. पार लडाख-तिबेटकडून येतात, त्यांची वर्दी अप्पांना आधी!

तेवढ्यात जवळच्या दगडावर काहीतरी हललं. शेपटीची वरखाली त्यांनी तिरक्या नजरेनं टिपली, 'चिट्झिट' ऐकलं. "करडा धोबी. बुडाशी पिवळा आहे ना?" होता, हळदीसारखा.

(भिगवणला धुक्यात ज्या हंसावरून आपण भांडलो तो पट्टकदंबच होता, विन्या. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या मी पाहिल्यात. तू मरेपर्यंत कलहंस म्हण. तेव्हाही अप्पाच ओरडले होते, "भांडू नका, ऐका!")

परतताना शेवाळावर त्यांचा पाय सरकला. हात धरलेला होता म्हणून निभावलं. रात्री राजूचा फोन, "काका, आता त्यांना नेऊ नका." त्याचं चुकत नाही रे. ऐंशी उलटलेल्या माणसाचं हाड मोडलं तर? पण घरी अप्पा दिवसभर गॅलरीत बसून पारव्यांना शिव्या घालतात. हिवाळा पाहुण्यांचा, आणि त्यांनीच घरात बसायचं? मला झोप लागत नाही. कवडी सोडू, पण पाषाण तलावाचा बांध सपाट आहे. जलपर्णी असली तरी कडेला थापट्या, तलवार बदकं मिळतील. दोन्ही बाजूंनी धरायला मात्र दोघं हवेत.

म्हणून डिसेंबरात चार दिवस ये. आणि राजूशी तू बोल. तू त्याला गणित शिकवलंस, तुझं तो ऐकतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? मीनलची परीक्षा? वहिनींना नमस्कार. तुमचं नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य 2020 मध्ये पाणथळींच्या जागतिक रामसर यादीत गेलं, आणि तू नाशकात राहून अजून गेला नाहीस, शाब्बास!

राजूला रविवारी नऊनंतर फोन कर, त्याआधी तो उठत नाही.

तुझा,
श्री