शहानिशेची सोय सरकारने करावी : विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

माननीय विज्ञानमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मालक कामावरून निघाला की इकडे घरात कुत्रा दाराशी जाऊन बसतो. भूकंपाच्या आदल्या रात्री गुरे दाव्याला हिसके देत होती. वर्षानुवर्षे कुणालाच न ओळखणारी आजी जाण्याच्या आदल्या दिवशी लख्ख शुद्धीवर आली आणि सगळ्यांशी नावानिशी बोलली. न बोलणारे मूल आईच्या मनातला आकडा अचूक सांगते. अशी पत्रे आपल्या खात्याकडे येतच असणार, आणि त्यांचे पुढे काय करायचे हे ठरलेले नसल्यामुळे ती फायलीत पडून राहत असणार. माझी विनंती याच पत्रांबद्दल आहे. अशा दाव्यांची शहानिशा करणारी एक छोटी पण कायमची व्यवस्था सरकारी पैशातून उभी करा.

या विषयावर आपल्यावर दोन्हीकडून दबाव येतो हे मी जाणतो. एक बाजू म्हणते, हे सगळे सिद्ध झाले आहे, मान्यता द्या. दुसरी म्हणते, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, दमडीही खर्च करू नका. आयुष्यभर विज्ञान शिकवल्यानंतर मला दोघांचीही घाई सारखीच वाटते. खरा दावा आणि खोटा दावा सुरुवातीला तितकेच अविश्वसनीय दिसतात. त्यांना वेगळे करायला चाचणी लागते, आणि नेमकी तीच करायला कुणी पुढे येत नाही.

वटवाघळांचेच घ्या. 1793 मध्ये इटलीत लाझ्झारो स्पालान्झानी या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की मिट्ट काळोखात घुबड गडबडते, पण वटवाघूळ खुशाल उडते. त्यांनी वटवाघळांची दृष्टी घालवली, तरी ती वाटेतले अडथळे चुकवत राहिली. (प्रयोग क्रूर होता. आज तो कुणी करू देणार नाही, आणि तेच योग्य आहे.) मग जिनिव्हाच्या लुई ज्युरीन यांनी वटवाघळांचे कान बुजवले, तेव्हा मात्र ती धडकू लागली. स्पालान्झानींनी पितळेच्या बारीक नळ्या कानांत बसवून पुन्हा पडताळणी केली. नळी मोकळी असली की वटवाघूळ नीट उडे, बंद केली की आपटे. याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा? पण आवाज न करता उडणारा प्राणी कानांनी वाट कशी काढेल, याचे उत्तर कुणाजवळ नव्हते, म्हणून निष्कर्षच नाकारला गेला. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांच्यासारख्या मातब्बराने वटवाघळे स्पर्शाच्या जोरावर उडतात असे सांगितले आणि शतकभर तेच चालले. 1938 मध्ये हार्वर्डमधला डोनाल्ड ग्रिफिन हा विद्यार्थी वटवाघळे घेऊन प्राध्यापक पिअर्स यांच्याकडे गेला. माणसाला ऐकू न येणारे आवाज टिपणारे यंत्र त्यांच्याकडे होते. यंत्रापुढे वटवाघळे आणली, आणि त्या ‘मुक्या’ प्राण्यांचा कलकलाट ऐकू आला. ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बॉस यांनी पुढचे प्रयोग करून 1940 मध्ये ते मांडले, तेव्हा एका नामांकित शास्त्रज्ञाने गॅलाम्बॉस यांना खांदे धरून गदागदा हलवले आणि ‘हे तुम्ही खरंच म्हणताय?’ असे विचारले. मधली जवळजवळ दीडशे वर्षे यंत्राअभावी गेली हे खरे, पण त्यातली बरीचशी बेफिकिरीनेही गेली.

रॉबिन पक्ष्याला पृथ्वीचे चुंबकत्व जाणवते, हेही आधी कुणाला पटत नव्हते. फ्रँकफर्टमध्ये वोल्फगांग विल्चको यांनी 1960 च्या दशकात पिंजऱ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र फिरवले, तशी पक्ष्यांची स्थलांतराची दिशाही फिरली. डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनामुळे हे घडत असावे, असा आज अनेकांचा कयास आहे. पण शेवटचा शब्द अजून कुणी उच्चारलेला नाही.

आता दुसरी बाजू. 1904 मध्ये बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजा सांगत होता, तारखा सांगत होता. मालक निवृत्त शिक्षक, प्रामाणिक. कुणाकडून पैसाही घेत नसे. तज्ज्ञांच्या समितीने तपासले, लबाडी सापडली नाही. मग ओस्कार फुंग्स्ट या तरुण संशोधकाने दोनच बदल केले. एकदा प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था केली, आणि एकदा विचारणारा घोड्याला दिसणार नाही अशी. दोन्ही वेळा घोड्याचे गणित कोलमडले. विचारणारा माणूस उत्तर जवळ येईपर्यंत नकळत ताणलेला असे, आणि योग्य आकडा आला की त्याचे डोके किंचित वर होई. घोडा तेवढे टिपून थांबे. फुंग्स्ट यांना स्वतःलाही हे कळल्यानंतर ती हालचाल थोपवता आली नाही. मला यात घोड्याचा अपमान दिसत नाही. माणसाच्या डोक्याची केसभर हालचाल वाचणारा प्राणी ही काही सामान्य गोष्ट नव्हे.

ही शंभर वर्षांपूर्वीची गंमत नाही, महोदय. याच चुकीची झळ आज न बोलणाऱ्या मुलांना बसते आहे. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाचा हात मदतनिसाने धरायचा आणि त्याने कळफलकावर टंकायचे, ही पद्धत 1990 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून अमेरिकेत गेली. मुले अचानक कविता लिहू लागली, आईवडिलांना ‘माझं तुमच्यावर प्रेम आहे’ म्हणू लागली. ते वाचून कुणाचे काळीज हलणार नाही? पण 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 12 जणांना आणि त्यांच्या मदतनिसांना मधे आडोसा ठेवून चित्रे दाखवली. मुलाला किल्ली दाखवायची, मदतनिसाला कप, अशा तऱ्हेने. चित्रे वेगळी असत तेव्हा मुलाला दिसलेल्या चित्राचे नाव एकदाही टंकले गेले नाही. शब्द मदतनिसाचे होते, त्याच्या स्वतःच्या नकळत. मदतनीस खोटे बोलत नव्हते, म्हणूनच ते इतके दुःखद आहे. या पद्धतीने ‘लिहिलेल्या’ आरोपांमुळे निरपराध आईवडिलांपासून मुले तोडली गेली. वाचा व भाषा तज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने 2018 मध्ये ही पद्धत वापरू नये असे स्पष्ट बजावले. हात न धरता समोर अक्षरफलक धरण्याच्या पद्धतीबद्दलही त्यांनी तोच इशारा दिला. आता अशाच मुलांबद्दल ती दुसऱ्याच्या मनातले वाचतात असे सांगितले जाते. मदतनिसाला जे ठाऊक आहे तेच मुलाने सांगितले, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा हे फुंग्स्ट यांनी तेव्हाच दाखवून ठेवले आहे. आडोसा उभारा, मदतनिसाला उत्तर कळू देऊ नका, आणि बघा. खर्च एका दुपारचा आहे. कोणत्याही सरकारी खात्याने या पद्धतींवर पैसा खर्च करण्याआधी ही एवढी चाचणी सक्तीची करावी. त्या मुलाला स्वतःचा आवाज मिळण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचा आवाज त्याच्या नावावर खपता कामा नये.

चाचणी नेहमी निराशच करते असे मात्र नाही. स्कॉटलंडच्या जॉय मिल्न या परिचारिकेला पतीच्या अंगाचा वास बदलल्याचे जाणवले, आणि त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी पतीला पार्किन्सन (कंपवात) असल्याचे निदान झाले. पुढे इतर रुग्णांच्या अंगालाही तोच वास जॉय यांना आला. एडिनबरोच्या संशोधकांनी त्यांना 12 टी-शर्ट हुंगायला दिले. सहा रुग्णांनी घातलेले, सहा निरोगी माणसांनी. त्यांनी सहाही रुग्ण ओळखले, आणि एका निरोगी माणसाचा शर्टही रुग्णाचा म्हणून बाजूला काढला. ही त्यांची एकच चूक. सुमारे आठ महिन्यांनी त्या माणसालाही पार्किन्सनचे निदान झाले. त्यातून त्वचेच्या तेलकट स्रावातील रसायनांचा शोध सुरू झाला, आणि 2019 मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा दावा ‘अशक्य’ म्हणून कायमचा बाजूला ठेवला गेला असता तर?

भूकंपाचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि आपल्यासाठी तोच सर्वांत निकडीचा. चीनमधल्या हायचेंगला 4 फेब्रुवारी 1975 च्या भूकंपाआधी लोकांना घराबाहेर काढले गेले. प्राण्यांच्या विचित्र वागण्याचा उल्लेख तेव्हापासून होत आला आहे, पण निर्णयामागचे मुख्य कारण आधी बसलेले लहान धक्के होते. दुसऱ्याच वर्षी, 28 जुलै 1976 रोजी, तांगशानला कोणतीही सूचना मिळाली नाही आणि अधिकृत आकड्यानुसार 2 लाख 42 हजारांवर माणसे गेली. 2018 मध्ये जर्मन संशोधकांनी 160 भूकंपांशी जोडलेल्या प्राण्यांच्या 729 नोंदी तपासल्या. बहुतेक आठवणी होत्या, भूकंप झाल्यावर सांगितलेल्या. भूकंप झाला नाही त्या रात्री किती कुत्री भुंकली, याची नोंद कुणी ठेवत नाही. मार्टिन विकेल्स्की यांच्या गटाने इटलीत सहा गाई, पाच मेंढ्या आणि दोन कुत्र्यांना हालचाल मोजणारी उपकरणे बांधून महिनोन्‌महिने सलग नोंदी केल्या. धक्क्याआधी 20 तासांपर्यंत जनावरे गोठ्यात अस्वस्थ होत असल्याचे त्यांनी 2020 मध्ये मांडले. एकाच शेतावरची तेरा जनावरे, म्हणून यावर आज धोक्याचा भोंगा वाजवता येणार नाही. पण शेकडो ठिकाणी वर्षभर, भूकंप असो वा नसो, अशाच नोंदी ठेवता येतील. हे काम एकट्या विद्यापीठाच्या आवाक्यातले नाही. ते आपल्या खात्याचे आहे.

मनाच्या बाबतीत पैसा नीट न खर्चल्यास काय होते तेही पाहावे. अमेरिकी सरकारने दूरचे मनाने पाहणाऱ्यांवर वीस वर्षे गुपचूप सुमारे दोन कोटी डॉलर घातले. 1995 मध्ये दोन तज्ज्ञांनी तपासले. आकडेवारीत काही आहे की नाही यावर दोघांचे एकमत झाले नाही, आणि हेरगिरीला उपयोगी असे हाती काहीच लागलेले नव्हते. गुप्ततेमुळे बाहेरच्या कुणाला वेळेवर प्रश्न विचारता आले नाहीत. 2011 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी माणसांना भविष्याची चाहूल लागते असे नऊ प्रयोगांतून मांडले. इतरांनी प्रयोग पुन्हा केले, त्यांना काही मिळाले नाही, आणि ज्या नियतकालिकाने मूळ लेख छापला होता त्याने त्यातली एक फेरतपासणी विचारातच घेतली नाही. अपयश छापायचे नाही ही मानसशास्त्राची जुनी खोड त्यामुळे चव्हाट्यावर आली. उलट एडिनबरो विद्यापीठाच्या परामानसशास्त्र (मनाच्या अशा कथित शक्तींचा अभ्यास) विभागाने 2012 मध्ये नोंदवही सुरू केली. प्रयोगाआधीच काय मोजणार आणि कशाला यश म्हणणार हे तिथे लिहून द्यायचे. सगळे ज्यांच्याकडे संशयाने पाहतात, त्यांनीच हा धडा मानसशास्त्रातल्या बहुतेकांच्या आधी गिरवला, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

आता मागणी नेमकी सांगतो. दरवर्षी थोडा निधी बाजूला काढा. दावा कुणाचाही असो, प्रयोग कसा करायचा हे दावा करणारा आणि शंका घेणारा या दोघांनी मिळून ठरवावे, आणि तो आराखडा आधी जाहीर व्हावा. ज्याला उत्तर ठाऊक आहे तो खोलीत नसावा. निकाल काहीही लागो, ठरल्या मुदतीत साध्या भाषेत छापला जावा. दावा टिकला नाही तर त्या माणसाची चेष्टा होणार नाही, ही हमी लेखी द्या, नाहीतर प्रामाणिक माणसे पुढे येणार नाहीत आणि फक्त धंदेवाले उरतील.

मृत्यूपूर्वी परत येणाऱ्या शुद्धीचा विषयही या निधीत घ्यावा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांमध्ये असे घडल्याच्या नोंदी जुन्या आहेत, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने 2018 मध्ये तज्ज्ञांना एकत्र बसवून नंतर त्यावर संशोधन निधी दिला. झिजलेल्या मेंदूत ती ओळख कुठे शिल्लक राहते, हे कळले तर उशाशी बसलेल्या कुटुंबांना त्याचा उपयोग आहे, आणि औषध शोधणाऱ्यांनाही. त्यासाठी रुग्णालयांनी आणि वृद्धाश्रमांनी अशी घटना घडली की वेळ, औषधे आणि ऐकलेले शब्द त्याच दिवशी नोंदवावेत. असा नोंदीचा नमुना आपल्या खात्याने येत्या अर्थसंकल्पाआधी तयार करून पाठवला, तरी या कामाची सुरुवात होईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक