देवापुढचे पाकीट

रामबाग, इंदूर

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

आजीच्या तेराव्याला तुला येता आले नाही याची खंत बाळगू नकोस. भेटायला आलेले सगळे ‘फार सोसलं हो बिचारीनं’ असे का म्हणतात, हे तू फोनवर विचारलेस, तेव्हा घर माणसांनी भरलेले होते आणि मी गप्प राहिलो. तो शब्द मलाही लागला होता, कारण माझ्या आईला ‘बिचारी’ म्हणावे असे तिच्या ५८ वर्षांच्या संसारात मला काही आठवत नाही.

१९६१ साली ती उज्जैनहून लग्न होऊन या घरात आली. नाना कापड गिरणीत कारकून होते. पगाराच्या दिवशी ते पाकीट देवापुढे ठेवीत आणि हातपाय धुवायला मोरीकडे जात. मग आजी ते उचलून वहीत रक्कम मांडी. ‘हे घे’ असे त्यांनी कधी म्हटले नाही, आणि ‘द्या’ असे म्हणण्याची वेळ तिच्यावर कधी आली नाही.

१९९१च्या अखेरीस गिरणी बंद पडली. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. नाना दिवसचे दिवस खिडकीशी बसून राहत, कोणी ओळखीचे दिसले की आत येत. महिन्याभरात आजीने कॉलेजातल्या मुलांचे डबे सुरू केले. पहिले चार दिवस डबे मी पोचवले; पाचव्या दिवशी नानांनी काही न बोलता सायकल पुसली आणि पिशव्या हँडलला अडकवल्या. महिना संपला तेव्हा आजीने वहीत ‘पोच – ३०० रुपये’ असे लिहिले, ते पैसे पाकिटात घालून देवापुढे ठेवले आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. नानांनी पाकीट उचलले. पुढे डबे बंद होईपर्यंत एकही महिना हे चुकले नाही. त्यांचा हात तिच्यापुढे पसरला जाऊ नये, एवढ्यासाठी तिने देवाला मध्ये घेतले होते, हे मला फार उशिरा उमगले.

त्यांची भांडणे होत नसत असे मुळीच नाही. १९९२च्या अनंत चतुर्दशीला तर मोठेच झाले. दरवर्षी ती दोघे रात्रभर जेल रोडवर उभी राहून मिरवणुकीतल्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे गाड्यांवरचे सजवलेले देखावे, पाहत. त्या वर्षी नाना येईनात. बंद गिरणीच्या कामगारांनीही वर्गणी जमवून झांकी उभी केली होती, आणि आजीने नानांच्या नावाने ५१ रुपये परस्पर देऊन टाकले होते. त्यावरून ते संतापले. ती एवढेच म्हणाली, “ज्यांचे पगार थांबलेत ते झांकी काढताहेत, आणि तुम्ही दार लावून बसणार?” रात्री अकराला दोघे निघाली. आखाडे पुढे सरकले, झांकी आली, आणि खात्यातल्या जुन्या सोबत्यांनी नानांना हाक मारून आत ओढून घेतले. ते राजवाड्यापर्यंत झांकीबरोबर चालले आणि आजी गर्दीतून वाट काढत, त्यांच्यावर नजर ठेवून, कडेने चालत राहिली. पहाटे दोघे घरी आली ती पोहे-जलेबीचा पुडा घेऊनच.

आता जी गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही ती लिहितो. गिरणीची थकलेली देणी मिळायला तीस वर्षांहून अधिक काळ गेला, आणि नाना तर २०१९ सालीच गेले होते. रक्कम खात्यात जमा झाल्यावर आजीने मला त्यातले ३०० रुपये काढून आणायला लावले, पाकिटात घालून देवापुढे ठेवले आणि नेहमीसारखी ती स्वयंपाकघरात गेली. तिन्हीसांजेला मी दिवा लावायला गेलो तेव्हा पाकीट तिथेच होते. मी ते उचलू लागलो तर ती दारातून म्हणाली, “राहू दे. त्यांचं आहे.”

ते अजून तिथेच आहे. तिच्या हिशेबाच्या वह्या मी कपाटात तुझ्यासाठी ठेवल्या आहेत. दिवाळीला आलास की दोघे मिळून वाचू.

तुझा,
बाबा