फळ्या नंतर, आधी जमीन

प्रिय मित्रा,

घरात लॅमिनेटची जमीन घालायचं ठरवल्याचं तुझं पत्र मिळालं. चार पानांतली साडेतीन पानं रंगावर: फिका ओक की गडद अक्रोड, रेघा ठसठशीत की पुसट. आणि शेवटी समासात कोंबून, "पैसे साधारण किती लागतील रे?" मी उत्तर समासापासून देणार आहे. रंग काय, तू निवडशीलच.

दुकानदार चौरस फुटाचा जो भाव सांगतो, तो फळीचा असतो, जमिनीचा नव्हे. पहिल्या खोलीच्या वेळी मी त्या भावाला क्षेत्रफळाने गुणलं, वहीत आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि निवांत झोपलो. काम संपलं तेव्हा दर शंभरातले जेमतेम साठ फळ्यांवर गेले होते. उरलेले चाळीस कुठे गेले हे तुला आधीच कळलं, तर तुझी वही माझ्या वहीइतकी खाडाखोडीची होणार नाही.

लॅमिनेट ही तरंगती जमीन. खालच्या कोब्याला ती चिकटवत नाहीत की तिला खिळे मारत नाहीत. फळ्या एकमेकींत अडकवायच्या आणि सगळा पट खाली अंथरलेल्या पातळ फोमवर नुसता पडून राहणार, अंथरलेल्या चटईसारखा. चटई खड्डे झाकते, भरत नाही. म्हणून आधी कोबा बघ. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी मिळव, रात्री खोलीतले दिवे घालव, पट्टी जमिनीवर आडवी ठेव आणि तिच्यामागे टॉर्च धर. पट्टीखालून उजेडाची फट दिसेल तिथे खड्डा. दोन मीटरमध्ये दोन-तीन मिलिमीटरपर्यंत फरक चालून जातो, त्यापुढे तो भरायचा किंवा उंचवटा असेल तर घासायचा. पाणसळीतला बुडबुडा एका बाजूला पळाला म्हणून मात्र घाबरू नकोस. उतार एकसारखा असेल तर फळीला त्याचं काही नाही, तिला वर-खाली चालत नाही.

माझ्या दाराजवळ बशीएवढा खोलगटपणा होता. मिस्त्री म्हणाला, भरून घेऊ, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी म्हणालो, राहू दे, फोम सांभाळून घेईल. सहा वर्षं झाली, त्या जागी पाय पडला की अजून "टक्" वाजतं. रात्री उठलो की मी ती जागा ओलांडून जातो, सवयीने. दोष मिस्त्रीचा नाही, माझ्या अर्ध्या दिवसाच्या काटकसरीचा आहे.

ओलीची परीक्षाही त्याच दिवशी उरकून घे. हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने कोब्यावर पक्का बसव आणि दिवसभर विसरून जा. काढताना खाली थेंब दिसले किंवा कोब्याचा रंग गडद झालेला दिसला, तर ओल वर येते आहे. तशी असेल तर आधी तिचं मूळ शोध, लॅमिनेटचा विचार नंतर. आणि ओल नाही दिसली तरी कोब्यावर फोमच्या आधी 0.2 मिलिमीटरचा पॉलिथिनचा कागद येतोच, दोन पट्टे वीतभर एकमेकांवर चढवून, सांधे चिकटपट्टीने बंद करून. हा खर्च अंदाजपत्रकात बहुधा नसतो, कारण तू विचारलेलंच नसतंस.

आता फळी. तिला लाकडी म्हणतात खरी, पण तुला जे लाकूड दिसतं ते लाकडाचं छापील चित्र आहे. सगळ्यात खाली समतोल राखणारा कागद, त्यावर लाकडाचा लगदा दाबून केलेला घट्ट गाभा, म्हणजे एचडीएफ, त्यावर तो छापील कागद, आणि वर मेलामाइनचा पारदर्शक थर. या वरच्या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, म्हणजे आपला कुरुंदच. म्हणून तर फळ्या कापताना करवतीचं पातं लवकर बोथट होतं. स्वीडनच्या पेर्स्टॉर्प कंपनीने ही जमीन 1977 साली काढली. तेव्हा फळ्या गोंदाने जोडायच्या. नुसत्या खटक्याने बसणाऱ्या फळ्या आल्या नव्वदच्या दशकात. तुझ्यामाझ्यासारख्याला स्वतः फळ्या बसवायचं धाडस त्या खटक्यामुळेच होतं.

वरचा थर किती टिकेल हे खोक्यावरच्या एसी आकड्यावरून कळतं. एसी 3 घरातल्या सगळ्या खोल्यांना पुरतं. एसी 4 हे खरं तर दुकान-कार्यालयासाठीचं, पण कुत्रा असेल, पोरांची दंगल असेल, बाहेरच्या चपला आत येत असतील तर घे. एसी 5 कोणी गळ्यात मारायला लागलं तर नम्रपणे नको म्हण. आणि हा आकडा फक्त झीज सांगतो. गाभा किती चांगला आहे, पाण्याने किती फुगतो, खटका किती घट्ट बसतो, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. ते तू हाताने बघ. दुकानात दोन तुकडे माग, जोडून बघ, सांध्यावरून नख फिरव. नख अडकलं तर ती फळी नको. तुकडे चार वेळा जोडून-सोडव. चौथ्या वेळी खटका सैल लागला तर तुला जे कळायचं ते कळलं. तुकड्याच्या कापलेल्या कडेतून भुशाचे कण झडतात का, तेही बघ. माझा तर सगळ्यात जास्त भरवसा या खेळावर आहे, दुकानदाराच्या माहितीपत्रकावर नाही.

जाडी 6 पासून 12 मिलिमीटरपर्यंत मिळते. 8 ची घे. 6 ची पायाखाली पोकळ वाजते. 12 ची छान वाटते, पण दारं जास्त कापावी लागतात आणि दोन खोल्यांमधला उंबरठा जास्त उंच होतो. जाड फळी म्हणजे आपोआप चांगली फळी असंही नाही, चांगल्या गाभ्याची 8 ची फळी हलक्या गाभ्याच्या 12 पेक्षा बरी. आणखी एक, खोक्यावर ई1 लिहिलंय ना बघ. गाभ्याच्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड किती बाहेर पडतं त्याची ती मर्यादा आहे. बंद खोलीत झोपायचं असतं आपल्याला.

फोमच्या बाबतीत माझ्या मनात एक गैरसमज होता, तो तुझ्याही असेल: जितका जाड तितका मऊ, तितकं सुख. उलट आहे. खाली गादी घातलीस तर प्रत्येक पावलाला सांधा लवतो आणि लवून लवून खटक्याचा ओठ तुटतो. दोन-तीन मिलिमीटर, दाट, दाबला जाणार नाही असा फोम बस. काही फळ्यांना तो मागून चिकटवलेलाच असतो, मग खाली दुसरा घालायचा नाही.

हिशेब एका खोलीचा करून दाखवतो, बाकीच्या तू कर. खोली 14 बाय 12 फूट, म्हणजे 168 चौरस फूट. कापाकापीत वाया जाणारे दहा टक्के धरले की 185. समज, 1200 बाय 190 मिलिमीटरची फळी आहे आणि खोक्यात नऊ फळ्या, म्हणजे साधारण 22 चौरस फूट. 185 भागिले 22, आठ आणि वर काहीतरी. खोकं अर्धं मिळत नाही, म्हणून नऊ. तिरक्या फळ्या लावायचा मोह झाला तर दहाऐवजी पंधरा टक्के धर. (नको लावूस. फार कापाकापी, आणि त्यातला थाट दोन महिन्यांत दिसेनासा होतो.) सगळी खोकी एकदमच आण आणि बॅच क्रमांक जुळतात का बघ. नंतर आणलेल्या खोक्यातला रंग किंचित वेगळा निघाला, तर तो फरक फक्त तुलाच दिसेल, पण रोज दिसेल.

हिशेबाची ही दुसरी बाजू कोणी सांगत नाही. 12 फुटांच्या बाजूला दोन्हीकडे 10 मिलिमीटर फट सोडली की उरतात 3638 मिलिमीटर. 190 च्या एकोणीस रांगा झाल्या की शेवटच्या रांगेला राहतात फक्त 28. एवढी चिंचोळी पट्टी नीट बसतही नाही आणि टिकतही नाही. म्हणून पहिलीच रांग कापून 109 ची करायची, मग शेवटचीही 109 ची येते. कागदावर हे दोन मिनिटांचं काम. भिंतीजवळ पोचल्यावर लक्षात आलं तर सगळं उचला. शिवाय भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतील असं धरून चालू नकोस. माझी एक भिंत टोकाला दोन बोटं आत गेलेली निघाली, इतकी वर्षं त्या खोलीत राहून मला पत्ता नव्हता.

फळ्या, फोम, कागद यांच्यापुढे वहीत काय लिहायचं? स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लागणारी पट्टी. त्या खोलीचा घेर 52 फूट, दाराचे तीन वजा, 49. आठ फुटी पट्ट्या असतील तर सात. दोन खोल्यांच्या मधल्या दारात लागणारं, सांधा झाकणारं धातूच्या पट्टीचं प्रोफाइल, जे बोटभर दिसतं आणि लांबीच्या मानाने सगळ्यात महाग पडतं. दारं खालून कापणं, चौकटी खालून कापणं. जुनं फ्लोअरिंग उखडणं आणि तो राडारोडा नेणं. सामान हलवणं. मजुरी चौरस फुटावर ठरव, पण स्कर्टिंग आणि दारं त्यात धरली आहेत का हे आधी विचार, आणि कागदावर लिहून घे. माझ्याकडे कामाच्या तिसऱ्या दिवशी कारागिराने सांगितलं की दारं वेगळी. तोवर दार उघडत नव्हतं, तेव्हा घासाघीस कसली करणार! या सगळ्यावर शंभराला दहा हाताशी ठेव, न सांगता येणाऱ्या गोष्टींसाठी.

आता त्या फटीबद्दल, कारण तिच्यापायी मी जे भोगलं ते तुझ्या वाट्याला येऊ नये. गाभा लाकडाचा असल्यामुळे तो हवेतला दमटपणा पितो आणि पसरतो, कोरड्या हवेत आक्रसतो. म्हणून खोकी बसवण्याआधी 48 तास त्याच खोलीत आडवी ठेवायची, आणि चारही भिंतींशी, नळाच्या पाइपाशी, चौकटीशी 8 ते 10 मिलिमीटर मोकळे सोडायचे. दुसऱ्या खोलीचं काम मी ज्यांना दिलं त्यांनी एका भिंतीला फळ्या अगदी भिडवून बसवल्या. दिसायला सुरेख, स्कर्टिंगखाली काही कळलं नाही. दमट महिने आले आणि खोलीच्या मध्यावर जमीन वर आली. खुर्ची ठेवली की डुलायची, पाय दिला की बसायची, उचलला की पुन्हा वर. मला वाटलं खाली पाणी शिरलं. शेवटी मी स्वतः स्कर्टिंग काढलं, तर फळ्यांच्या कडा गिलाव्यात रुतलेल्या. जमिनीवर पालथा पडून, पातळ पात्याने बोटबोट कापत, दुपारभर ती कड मोकळी केली. दोन दिवसांत जमीन आपोआप खाली बसली. कामाच्या दिवशी हजर राहा, आणि स्कर्टिंग लागायच्या आधी चारही भिंतींशी करंगळी घालून बघ. स्कर्टिंगचे खिळे भिंतीत जायला हवेत, फळीत नाही. भिंतीला लागून जमिनीपासून छतापर्यंतचं जड कपाट असेल तर ते आधी बसव आणि फळ्या त्याच्यापर्यंत आण. त्याखाली दाबलेली जमीन हलू शकत नाही.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. सांडलं, पुसलं, संपलं. सांडलं आणि राहिलं तर सांध्यातून आत जातं, कड फुगते, आणि फुगलेला गाभा वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. कुंडीखाली पाणी झिरपून माझी एक फळी गेली. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण अनवाणी पायाला सांधा दोऱ्याएवढा उंच लागायचा. नशिबाने दोन फळ्या पलंगाखाली जपून ठेवल्या होत्या, म्हणून तिथवरच्या रांगा सोडवून ती बदलता आली. तूही उरलेल्या फळ्या परत देऊ नकोस. रोजच्या पुसण्याला पिळून घट्ट केलेलं फडकं बस, बादली नको, वाफेचं यंत्र तर नकोच. बाथरूमचा विचारही करू नकोस. स्वयंपाकघरात तुला तेच हवं असेल तर भांडणार नाही, पण मी असतो तर तिथे एसपीसी, म्हणजे दगडाची पूड आणि प्लॅस्टिक यांच्या गाभ्याचं फ्लोअरिंग, घातलं असतं. त्याच्या गाभ्यात लाकूड नसतं, त्यामुळे पाण्याने तो फुगत नाही.

राहिला रंग. फार गडद घेतलास तर धुळीचा प्रत्येक कण दिसेल, फार चकचकीत घेतलास तर प्रत्येक ओरखडा. घासून पुन्हा नवं करता येईल असं हे लाकूड नाही, म्हणून ओरखडा लपवणारा मंद पोत बघ. नमुने घरी आण, जमिनीवर टाक, उभ्याने बघ, दिवसा एकदा आणि दिवे लावून एकदा. फळ्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने लांबट टाक, सांध्यांच्या सावल्या कमी दिसतात. आणि बसवताना तीन-चार खोकी एकदम फोडून फळ्या मिसळून घ्यायला सांग. चित्रं छापील असतात ना, एकाच गाठीच्या दोन फळ्या शेजारी आल्या की सगळं सोंग उघडं पडतं. माझ्या बैठकीत डोळ्याच्या आकाराची एक गाठ अशी जोडीने बसली आहे. पाहुण्यांना दिसत नाही. मला त्या दोन डोळ्यांशिवाय दुसरं काही दिसत नाही.

खोल्यांची मापं घेऊन पाठव, प्रत्येक भिंतीची दोन ठिकाणी, मिलिमीटरमध्ये. दाराखाली किती जागा आहे तेही. आणि टॉर्चचं काम झाल्याशिवाय कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नकोस. मापं आली की रांगांचं गणित मी करून धाडतो.

तुझाच,
टक् वाजणाऱ्या घरातला